तोंड बांधलेला बॉयलर

"पायात बूट नसतील तर खाली उतरा," मी म्हणाले.

बॉयलरच्या सगळ्यात वरच्या प्लॅटफॉर्मवर एक माणूस अनवाणी उभा होता. पांढरा सुळसुळीत झब्बा, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि दोन्ही मुठींत तांब्याच्या वाकवलेल्या सळया, पुढे रोखून धरलेल्या. त्याच्यामागे आमचे चीफ इंजिनिअर पाठारे कठडा धरून धापा टाकत होते आणि डोळ्यांनी मला गप्प राहायच्या खुणा करत होते. तुला गप्प राहायला जमत असतं तर केव्हाच लग्न झालं असतं, असं आई मला नेहमी म्हणायची.

"ताई, बुटानं ऊर्जेचा प्रवाह तुटतो," तो माणूस शांतपणे म्हणाला.

"बुटानं पाय भाजायचे वाचतात. आज बॉयलर थंडगार आहे म्हणून चाललंय. पेटल्यावर या इथं अनवाणी, मग बोलू प्रवाहाचं."

"खराडेबाई!" पाठारे कळवळले. "हे ऊर्जाचार्य निरामयजी. अप्पासाहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलंय त्यांना."

निरामयजी हसले. राग नाही, लोभ नाही, असं ते हसणं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. ते सळया धरून एकेक पाऊल पुढे सरकले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला तीन सेफ्टी व्हॉल्व्ह ओळीनं होते. तिथं पोचताच त्या दोन्ही सळया हळूच फिरल्या आणि एकमेकींवर आडव्या झाल्या.

"इथं आहे गळती," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! परवाच सरकारी इन्स्पेक्टरांसमोर पाण्याची टेस्ट झाली. दीडपट दाबाला एक थेंब गळला नाही."

"पाण्याची नव्हे, ताई. ऊर्जेची."

हे सगळं घडलं ते चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला, एका सहकारी साखर कारखान्यात. कारखान्याचं नाव सांगत नाही. मी तिथली बॉयलर इंजिनिअर होते. बॉयलर पेटवायचा तो माझ्या शब्दावर आणि विझवायचा तोही माझ्याच शब्दावर. बाई बॉयलरवर, हे पाहायला पहिल्या वर्षी आजूबाजूच्या गावांतनं माणसं यायची. दुसऱ्या वर्षी यायची बंद झाली, कारण मी त्यांना शिव्या घालून हाकलायची.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगते, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, ती वाफ गिरणी फिरवते, ऊस पिळते, रस उकळते. पण मध्येच गिरणीत ऊस अडकला, गिरणी थांबली, की वाफ घेणारं कुणी उरत नाही. भट्टी मात्र पेटलेलीच असते. तिच्यात उसाचं चिपाड जळत असतं, ती काही गॅसची शेगडी नव्हे, कान पिळला की बंद व्हायला. मग दाब चढत जातो, आणि ठरलेल्या आकड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह आपला आपण उघडतो. जादा वाफ छपरावरच्या पाइपातनं आकाशात निघून जाते. तिचा आवाज असा, की चार गावं दचकतात. कामगार म्हणतात, सेफ्टी उडाली.

गावं मात्र दुसरंच म्हणायची. आदल्या हंगामात आमच्या जुन्या गिरणीनं जीव नको केला होता. दर दोन दिवसांनी ती अडकायची, दर दोन दिवसांनी सेफ्टी उडायची, आणि पारावर बसलेली माणसं मांडीवर थापा मारून म्हणायची, "कारखाना पादला!" लग्नाच्या पंगतीत चेअरमन अप्पासाहेब रणनवरे बसलेले, तिकडनं आवाज आला, आणि अख्खा मांडव हसला. अप्पासाहेब अर्ध्या ताटावरनं उठले. त्या दिवसापासून तो आवाज त्यांच्या मनात रुतून बसला होता.

निरामयजींना ते कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. पण सळया बरोबर तिथंच आडव्या झाल्या.

संध्याकाळी अप्पासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाठारे आधीच येऊन कोपऱ्यात बसले होते. निरामयजी कोचावर मांडी घालून डोळे मिटून होते.

"बाई," अप्पासाहेब म्हणाले, "टेस्टच्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हवर ते गॅग बसवलेत ना तुम्ही, ते काढायचे नाहीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. गॅग म्हणजे लोखंडी क्लॅम्प. गार पाण्याच्या टेस्टला दाब मुद्दाम दीडपट चढवतात, तेव्हा व्हॉल्व्ह उघडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर हे क्लॅम्प आवळतात. टेस्ट झाली की ते काढायचे. त्यांच्यासकट बॉयलर पेटवणं म्हणजे माणसाचं नाकतोंड दाबून त्याला पळायला लावणं.

"काढायचे नाहीत म्हणजे?"

"महाराजांनी त्यांच्यावर मंत्रवलेली तांब्याची तार बांधलीय. वर पूजेतली सिद्ध यंत्रं बसवलीत. हा हंगाम ऊर्जा बाहेर जाता कामा नये. गेल्या वर्षी सगळी आकाशात गेली. तुम्हीच नव्हता का म्हणाला मीटिंगमध्ये, की सेफ्टी उडते तेव्हा ऊर्जा वाया जाते?"

"म्हणाले होते. म्हणून गिरणी दुरुस्त करा म्हणाले होते! व्हॉल्व्ह बांधा असं नव्हते म्हणाले."

निरामयजींनी डोळे उघडले. "ताई, तुम्ही विज्ञान शिकलात. विज्ञानच सांगतं ना, ऊर्जा कधी नष्ट होत नाही?"

"सांगतं."

"मग तिला बाहेर का घालवायची? आत राहू दे. आत राहून ती शुद्ध होईल, सकारात्मक होईल. वास्तूला सामर्थ्य देईल."

"अहो, नष्ट होत नाही म्हणूनच तर भीती आहे!" मी टेबलावर हात आपटला, पाठाऱ्यांच्या कपातला चहा हिंदकळला. "नष्ट होत असती तर बांधा म्हणाले असते. चिपाड जळतं, त्यातली ऊर्जा पाण्यात जाते, वाफेत जाते. जेवढी घातली तेवढी कुठंतरी निघालीच पाहिजे. गिरणी घेत नसेल आणि व्हॉल्व्ह सोडत नसेल, तर ती बसून राहते का आत जप करत? ती पत्रा फाडून निघते. तिला शुद्ध नाही, अशुद्ध नाही. किती आली आणि कुठं गेली, एवढंच तिचं असतं. तुमच्या ऊर्जेचं मोजमाप काय, सांगा मला. कशात मोजता?"

"अनुभवात," निरामयजी म्हणाले.

"ठीक आहे. माझी मी दाबाच्या काट्यावर मोजते."

"बाई, आवाज खाली," अप्पासाहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे सांगायला हवं. दुष्काळात त्यांनी छावणीत जनावरांचा चारा स्वतः उतरवला होता. पण हसं झालेला माणूस काय करील ते सांगता येत नाही. "पाठारेसाहेब म्हणतात, काट्यावर लक्ष ठेवून दाब वाढू न देता चालवता येईल."

मी पाठाऱ्यांकडे पाहिलं. ते चहाकडे पाहत होते.

"तसं... हळू पेटवला, माणूस काट्यासमोर बसवला, तर..."

"आणि गिरणी अडकली तर? भट्टीतला जाळ काय तुमच्या तोंडाकडे बघून विझणार आहे? खाली फायरिंग फ्लोअरवर, भट्टीच्या तोंडाशी, एका पाळीला बारा माणसं असतात, पाठारेसाहेब. त्यांतल्या निम्म्यांच्या पोरांना तुम्ही नावानं ओळखता."

पाठाऱ्यांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"उद्या दसरा," अप्पासाहेब म्हणाले. "दहाच्या मुहूर्ताला अग्निप्रदीपन आहे. पूजेला मी आणि मंडळी बसणार. तुम्ही असाल तर तुमच्या शब्दावर पेटेल, नसाल तर दुसऱ्याच्या. आणि नसाल तर कायमच्याच नसाल, कळलं का?"

"कळलं," मी म्हणाले. "असेन मी."

बाहेर आले आणि आधी बॉयलर इन्स्पेक्टरांच्या ऑफिसला फोन लावला. सणाचे दिवस, कुणी उचलेना. मग पाना घेऊन तडक वर निघाले, म्हटलं आत्ताच काढते ते गॅग आणि देते फेकून भंगारात. तर जिन्याला साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपासमोर दोन वॉचमन. "बाई, अप्पांचा हुकूम," त्यातला एक म्हणाला. बिचारा माझ्या नजरेला नजर देईना.

रावजी कुंभार माझा हेड फायरमन. वीस वर्षं भट्टीसमोर काढलेली, भुवया कायमच्या करपलेल्या. मी त्याला म्हटलं, "रावजी, उद्या हात लावू नका. तुम्ही कुणीच हात लावला नाहीत तर पेटणार कसा?"

"बाई, तुमचं शिक्षाण हाय. तुमाला दुसरीकडं नोकरी मिळंल," तो म्हणाला. "आमी कुठं जावं? आन महाराज म्हणत्यात काय हुत न्हाई."

"आणि तुला काय वाटतं?"

रावजीनं वर छपराकडं पाहिलं. "मला भ्या वाटतं," तो म्हणाला.

घरी आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता थांबली, मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय. क्वार्टर होतं, पगार होता, तिच्या सांध्यांना कारखान्याचा दवाखाना होता.

"त्या रावजीची धाकटी सून बाळंत झालीय ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग काय विचार करत बसलीयेस?" आणि पुन्हा मळायला लागली.

दसऱ्याची सकाळ. भट्टीसमोर मांडव, झेंडूच्या माळा, सतरंज्या. अग्निप्रदीपन हा कारखान्याचा मोठा सण असतो. पूजेला जोडपं बसतं, भटजी मंत्र म्हणतात, मग जोडप्याच्या हातनं पेटता काकडा भट्टीच्या तोंडात पडतो आणि हंगामाचा पहिला जाळ धरतो. कामगारांच्या बायका नव्या साड्या नेसून पोरं घेऊन येतात, तिथंच पेढे वाटले जातात. त्या दिवशीही आल्या होत्या. रावजीची सून बाळाला टोपडं घालून घेऊन आली होती. चप्पल-बूट माझ्याखेरीज सगळ्यांनी रीतीप्रमाणे मांडवाबाहेर, पाण्याच्या चरीच्या कडेनं ओळीत काढून ठेवले होते.

अप्पासाहेब सोवळ्यात बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी ताराकाकी, उपरण्याची आणि पदराची गाठ मारलेली. ताराकाकी बोलायच्या कमी. सभेत कोपऱ्यात बसायच्या, हळदीकुंकवाला सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी करायच्या, एवढंच मला त्यांचं माहीत होतं.

मंत्र संपले. भटजींनी काकडा पेटवला. मी जाऊन भट्टीच्या दारासमोर उभी राहिले.

"बाजूला व्हा, बाई," अप्पासाहेब म्हणाले.

"वरचे तीन गॅग काढा, होते."

एक पोर रडत होतं, त्याला आईनं थोपटलं.

"मुहूर्त टळतोय," अप्पासाहेबांच्या गालावरची शीर उडायला लागली. "शोभा करू नका."

"शोभा मी करत नाहीये. ऐका सगळ्यांनी! या बॉयलरचं तोंड बांधलंय. जादा वाफ जायला वाट ठेवलेली नाही. घरी कुकर लावता ना? त्याच्या शिट्टीवर वरवंटा ठेवून, व्हॉल्व्ह फेविकॉलनं बुजवून, त्याच्यापाशी पोरं खेळायला सोडाल का? इथं त्या कुकरात टँकरच्या टँकर पाणी आहे."

बायकांत कुजबुज सुरू झाली. ताराकाकींनी पहिल्यांदाच मान वर केली. "खराडेबाई," त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. काय होईल?"

"आज काही होणार नाही, काकी. उद्याही कदाचित नाही. ज्या दिवशी गिरणी अडकेल त्या दिवशी होईल. मग हा मांडव आहे ना, एवढी जागा राहणार नाही. इथं उभी असलेली माणसंही नाहीत."

"अशुभ बोलू नका!" भटजी ओरडले.

मला एक युक्ती सुचली होती, आणि मला तेव्हा ती फार भारी वाटत होती. मी निरामयजींकडे वळले. ते पुढच्या रांगेत गालिच्यावर बसले होते.

"महाराज, तुमचा तुमच्या यंत्रावर विश्वास आहे ना? मग असं करू. सगळ्यांना बाहेर काढू. बायका, पोरं, कामगार, सगळ्यांना. मी पेटवते. तुम्ही इथं, या भट्टीसमोर बसायचं. दाब चढेपर्यंत, गिरणी चालू होईपर्यंत, ती अडकेपर्यंत. हंगामभर. दोघंच. बसता?"

मला वाटलं होतं हे आता उपरणं सावरतील, पुण्याला तातडीचं काम निघेल, गाडी स्टार्ट होईल. लोक बघतील आणि हसतील.

निरामयजी उठले. सावकाश चालत भट्टीसमोर आले. सतरंजीवर पद्मासन घातलं, सळया मांडीवर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहून तसंच हसले.

"बसलो, ताई," ते म्हणाले. "हंगामभर बसतो. पेटवा."

अख्खा मांडव "वाऽऽ" करून उठला. कुणीतरी जयजयकार केला. बायकांनी हात जोडले. रावजीसुद्धा हात जोडून उभा राहिला. तो माणूस भामटा निघाला असता तर किती सोपं झालं असतं! पण तो खोटा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं. भामट्याला घाबरवता येतं. याला काय करायचं?

"बघितलंत?" अप्पासाहेबांचा आवाज भरून आला होता. "ह्याला म्हणतात श्रद्धा. आता तरी सरा बाजूला."

"नाही," मी म्हणाले. "ते मरायला तयार आहेत हे मला दिसलं. त्यांच्या तयारीनं पत्रा जाड होत नाही, अप्पासाहेब."

पण माझं आता कुणी ऐकत नव्हतं. सगळे पुढे सरकले होते, निरामयजींच्या पाया पडायला रेटारेटी चालली होती. पाठाऱ्यांनी डोकं धरलं होतं. भटजी अप्पासाहेबांच्या हातात पुन्हा काकडा देत होते. मी भट्टीच्या दारातून हलले आणि कुणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं, हरली बाई, चालली.

मी बॉयलरच्या मागच्या अंगाला गेले. तिथं अगदी खाली, कमरेइतक्या उंचीवर, ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह असतो. बॉयलरमधलं गढूळ पाणी सोडून द्यायचा मोठा नळच म्हणा ना. वरच्या जिन्याला कुलूप घातलं होतं त्यांनी. खालच्या नळाला कुलूप घालावं हे कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं. मी पदर खोचला, चाकाला दोन्ही हात घातले आणि फिरवलं. नाही फिरलं. वर्षभराचा गंज. लाथ घातली. बॉयलरला लाथ घालू नये म्हणतात, मी तीन घातल्या. करकरत चाक हललं, आणि मग मी ते फिरवत सुटले, थेट शेवटपर्यंत.

आत बारा-पंधरा तास लावून भरलेलं पाणी असं काही धो धो सुटलं, की फरशी थरथरली. चर भरली. चर ओसंडली. मांडवाच्या कडेनं काढून ठेवलेल्या चपला आधी हलल्या, मग तरंगल्या, मग ओळीनं गेटच्या दिशेनं निघाल्या. अप्पासाहेबांचे पांढरे बूट सगळ्यांत पुढं होते.

"पाणी! पाणी!" एकच गलका उडाला. पोरं टाळ्या पिटत चपलांमागं धावली. मी परत पुढच्या बाजूला आले तेव्हा रावजी काचेसमोर उभा होता. बॉयलरच्या पुढ्यात एक उभी काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. बॉयलरवाल्याचा सगळ्यांत पहिला धडा हाच: काचेत पाणी नसेल तर जाळ लावायचा नाही. देव आला तरी नाही.

रावजी काचेकडे बघत होता. पातळी खाली आली. आणखी खाली. गेली.

"पेटव रे!" अप्पासाहेब ओरडले. ते घोट्याएवढ्या पाण्यात सोवळं वर धरून उभे होते, काकडा हातात तसाच. "रावजी, घे काकडा, पेटव!"

रावजीनं वळून पाहिलं. "काचेत पाणी न्हाई, अप्पा."

"मी सांगतोय ना!"

"तुमी सांगा न्हाईतर आनखी कुनी सांगा. बिनपाण्याचा बॉयलर मी पेटवणार न्हाई." आणि त्यानं हात मागे बांधले. मग त्याच्यामागच्या सगळ्यांनी बांधले. महाराजांना हात जोडणारे तेच हात होते ते.

पुन्हा पाणी भरायला रात्र झाली असती. मुहूर्त गेला. काकडा अप्पासाहेबांच्या हातातच विझला.

निरामयजी पद्मासनात तसेच बसून होते, कमरेपर्यंत भिजलेले. एक सळई वाहून गेली होती. "हे जल तुम्ही का सोडलंत, ताई?" त्यांनी मला विचारलं. चेष्टा नाही, खरंच विचारलं.

"तुम्ही उठणार नाही म्हणून," मी म्हणाले.

"गेटच्या बाहेर!" अप्पासाहेबांनी विझलेला काकडा पाण्यात आपटला. "आत्ताच्या आत्ता! आणि क्वार्टर रिकामं करायचं!"

"जाते," मी म्हणाले. "पण एक ध्यानात ठेवा. पाणी पुन्हा भराल. मुहूर्तही पुन्हा काढाल. ते गॅग वर असेपर्यंत हा बॉयलर बॉयलर नाही, सुरुंग आहे. रावजी, काचेचं जसं ऐकलंस तसं वरच्या व्हॉल्व्हचं ऐक!" वॉचमननं माझ्या दंडाला हात लावला. मी झटकला आणि ओल्या बुटांनी चालत बाहेर आले. मागं वळून पाहिलं तेव्हा ताराकाकी उभ्या होत्या. पदराची गाठ अजून सुटली नव्हती, आणि त्या वर छपराकडं बघत होत्या.

पुढचा मुहूर्त कोजागरीचा निघाला. मला गेटच्या आत सोडत नव्हते. इन्स्पेक्टरांचं ऑफिस उघडल्या उघडल्या मी फोन केला, ते म्हणाले येतो, पण कधी ते सांगेनात. रावजी एकदा पाण्याच्या नळावर भेटला, मान खाली घालून निघून गेला. कोजागरीच्या सकाळी धुराड्यातनं धूर निघाला. बॉयलर पेटला होता. गॅग काढलेत की नाही, सांगायला कुणी तयार नव्हतं. जो तो मला पाहून रस्ता बदलत होता.

त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंका बांधून आई आणि मी एसटीच्या थांब्यावर आलो. कारखान्याचं धुराडं तिथनं समोर दिसायचं.

बॉयलर पेटला की पुरता दाब चढायला दिवस लागतो. मग सेफ्टी तपासतात. दाब मुद्दाम चढवून तिन्ही व्हॉल्व्ह एकेक करून उडवून पाहतात. गॅग असतील तर उडणार नाहीत. म्हणजे आता मला कान देऊन बसायचं होतं, दुसरं काही नाही.

पहिली एसटी आली, गेली. "बसायचं नाही का?" आईनं विचारलं.

"नाही."

दुसरी गेली. चहाच्या टपरीवर चार म्हातारे तंबाखू मळत बसले होते. आई ट्रंकेवर बसून पेंगायला लागली. मी त्या धुराड्यावरून नजर काढली नाही. आपण इथून गेल्यावर कधीतरी पेपरात वाचायला मिळेल, असं सारखं मनात येत होतं. बारा माणसं. मी त्यांची नावं मोजत बसले होते.

दुपार कलली आणि आकाश फाटल्यासारखा आवाज झाला.

आई दचकून उठली. छपरावर पांढराशुभ्र लोट उभा राहिला होता. टपरीवरचा एक म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणाला, "पादला रं कारखाना! हंगाम सुरू!" चारही म्हातारे खदाखदा हसले. मला रडू फुटलं.

"उडाली ना? आता चल," आई म्हणाली. तिसरी एसटी येऊन उभी होती.

"थांब. तीन आहेत."

"अगं, कंडक्टर ओरडतोय."

"ओरडू दे!"

पुन्हा लोट उठला. दुसरी. म्हातारे पुन्हा हसले. आणि मग काहीच नाही. कंडक्टरनं घंटा मारली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. आईनं एक पाय पायरीवर ठेवलेला. तिसरा ठेवला का बांधून? एखादा राहू द्या म्हणाले का महाराज? मी एसटीच्या दारात हात आडवा लावून उभी राहिले. "बाई, हात काढा," कंडक्टर म्हणाला. मी नाही काढला.

तिसरी उडाली तेव्हा एसटीतली पोरं खिडकीतनं डोकी काढून ओरडली, "पादला! पादला!" मीही त्यांच्यासारखीच ओरडले, थांब्यावर उभी राहून, सगळ्या जगासमोर. आई आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग तिला असं काही हसू फुटलं की पायरीवरच बसावं लागलं तिला.

काय घडलं ते मला हंगाम संपल्यावर कळलं. मी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात एका कागद गिरणीत लागले होते. रावजी नातवाला घेऊन भेटायला आला. मांडीवर ते टोपडंवालं पोर, आता रांगायला लागलेलं.

कोजागरीला पुन्हा मांडव घातला होता, तो सांगत होता. महाराज आले होते. पूजा झाली. भटजींनी काकडा पुढं केला. अप्पासाहेबांनी हात लावला. पण भट्टीत काकडा टाकायचा तो जोडप्यानं, दोघांचे हात लागावे लागतात, आणि ताराकाकींनी हात पुढं केलाच नाही. त्यांनी पूजेचं ताट रिकामं केलं, हळद, कुंकू, फुलं सगळं बाजूला काढलं, आणि ते रावजीसमोर धरलं.

"वरची ती तीन लोखंडं आणून यात ठेवा," त्या म्हणाल्या. "तोवर माझा हात लागणार नाही."

अप्पासाहेबांनी समजावलं, डोळे वटारले. काकी ताट धरून बसल्या होत्या. मुहूर्त सरत आला. शेवटी अप्पासाहेब काकुळतीला आले. "अगं, पुन्हा तो आवाज होईल. पुन्हा सगळा तालुका हसंल मला."

"काकी काय म्हणाल्या, ठावं हाय?" रावजीनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हणाल्या, हसू द्यात की. हसायला जित्ती तर ऱ्हातील."